अडतीस हजार आले, मागोमाग फोन आला

पत्र

ताई, नमस्कार. मी बार्शीला घरीच ब्लाऊज शिवते. मिस्टर टेम्पोवर ड्रायव्हर आहेत. २ तारखेला माझ्या खात्यात ३८,००० रुपये जमा झाल्याचा मेसेज आला. तेव्हा खात्यात माझे १,१२० रुपये होते. मेसेज खोटा असेल म्हणून दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन पासबुक भरून घेतलं, तर पैसे खरंच जमा. पुढे एनईएफटी आणि कुठल्या तरी ट्रेडिंग कंपनीचं नाव छापलंय. त्या नावाशी आमचा कधीच संबंध आलेला नाही. काउंटरवर विचारलं, तर तिथले साहेब म्हणाले, "आले तर राहू द्या, कुणी मागितले तर बघू."

नणंद म्हणते, लाडक्या बहिणीचे साठलेले हप्ते एकदम आले असतील. सासूबाई म्हणतात, घरी चालून आलेल्या लक्ष्मीला नाही म्हणू नये. मिस्टरांचं म्हणणं, आपण काही चोरी केली नाही, कुणी मागायला आलं तर देऊ. त्यात ५ तारखेला माझ्या मशीनच्या कर्जाचा ४,२५० चा हप्ता त्याच खात्यातून आपोआप कापला गेला. एरवी मी आदल्या दिवशी पैसे भरून ठेवते, पण या वेळी एका लग्नघरच्या ऑर्डरचे पैसे अडकलेत.

६ तारखेला एका माणसाचा फोन आला. रडत होता. आईच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे चुकून तुमच्या खात्यात गेले, मी देतो त्या मोबाइल नंबरवर लगेच पाठवा, वाटल्यास दोन हजार तुम्ही ठेवून घ्या, असं म्हणाला. मी "उद्या सांगते" म्हटलं. तेव्हापासून रोज दोन-तीनदा फोन येतो. खरंच त्याची आई दवाखान्यात असली तर? आणि कापला गेलेला हप्ता मी कुठून भरू? रात्रीची झोप उडालीय.

— एक वाचक, बार्शी

उत्तर

ताई, बाकी सगळं नंतर. त्या माणसाला एक रुपयाही पाठवू नका. आज नाही, उद्या नाही, निम्मे नाहीत, "आधी पाच हजार तरी टाका" म्हणाला तरी नाही.

हे वाचून तुम्हाला वाटेल, ही बाई बँकेत नोकरी करून कोरडी झालीय. तसं नाही. पैसे तुमचे नाहीत, ते परत गेलेच पाहिजेत, यात माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण ते तुमच्या हातून जाता कामा नयेत. ज्या वाटेने आले त्या वाटेने, बँकेमार्फत, कागदावर नोंद होऊन गेले पाहिजेत. तुमच्या घरात सध्या दोनच मतं दिसतात: ठेवून घ्या, नाहीतर त्या बिचाऱ्याला देऊन मोकळे व्हा. दोन्हींत तुम्हीच अडकता, आणि दुसऱ्यात जास्त लवकर.

आता तुमचंच पासबुक माझ्याबरोबर पुन्हा बघा. त्या ओळीत एनईएफटी, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेच्या खात्यात पैसे पाठवायची पद्धत, असं लिहिलंय आणि पाठवणाऱ्याच्या जागी ट्रेडिंग कंपनीचं नाव आहे. फोनवरचा माणूस सांगतो, आईच्या ऑपरेशनचे माझे पैसे. मग ते कंपनीच्या खात्यातून कसे निघाले? समजा, त्याचीच कंपनी आहे. तरी पुढचा प्रश्न उरतो. एनईएफटी करताना पाठवणारा खाते क्रमांक आणि शाखेचा आयएफएससी कोड टाकतो. आकडा चुकून पैसे भलत्याच खात्यात गेले, तर ते खातं कुणाचं, त्या व्यक्तीचा फोन नंबर काय, हे त्याला कळायचं कारण नाही. बँक एका ग्राहकाचा मोबाइल नंबर दुसऱ्याला देत नाही. यूपीआयने मोबाइल नंबर टाकून पैसे पाठवताना एक आकडा चुकला असता, तर तुमचा नंबर त्याच्याजवळ असणं साहजिक होतं. इथे तसं झालेलं नाही. मग तुमचा खाते क्रमांक आणि तुमचा मोबाइल नंबर, या दोन गोष्टींची जोडी त्याच्या हाती कुठून लागली? बचत गटासाठी, कर्जासाठी, कुठल्या तरी योजनेसाठी पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो आपण व्हॉट्सअ‍ॅपवर सर्रास पाठवतो. ते फोटो पुढे कुठे कुठे फिरतात याचा हिशेब कुणीच ठेवत नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खटकते. ज्याचे पैसे चुकले त्याला ते आपल्या त्याच खात्यात परत हवे असतात. हा माणूस वेगळाच मोबाइल नंबर देतो, वर दोन हजारांचं बक्षीस लावतो. आईच्या ऑपरेशनला पैसे कमी पडत असलेला मुलगा दोन हजार सोडायला इतक्या सहज तयार होईल का?

हा माणूस लबाडच आहे असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. मला ते माहीत नाही आणि तुम्हालाही माहीत असायची गरज नाही. तो खरा असेल तर त्याने आपल्या बँकेत जाऊन तक्रार द्यावी. त्याची बँक तुमच्या बँकेला कळवेल आणि पैसे त्याला मिळतील. तो खोटा असेल तर हा रस्ता सांगितल्यावर त्याचा आवाज बदलेल. म्हणजे दोन्ही वेळा तुमचं उत्तर एकच राहतं.

खोटा असेल तर काय होतं तेही सांगते, कारण इथेच माणसं फसतात. ऑनलाइन लुबाडलेले पैसे चोर स्वतःच्या नावाच्या खात्यात ठेवत नाहीत. ते आधी एका भलत्याच खात्यात टाकतात, तिथून दुसऱ्यात, तिसऱ्यात, आणि शेवटी कुठल्या तरी एटीएममधून काढतात. मधली खाती अनेकदा तुमच्यासारख्या अजाण माणसांची असतात. ज्याचे पैसे गेले तो १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवतो. मग पैसे ज्या ज्या खात्यांतून गेले, त्या सगळ्या खात्यांच्या मागे पोलीस लागतात. तुमचं खातं त्या साखळीतली एक कडी ठरतं, आणि तुम्ही स्वतःच्या हाताने पैसे पुढे पाठवलेले असले, तर "मला काही ठाऊक नव्हतं" हे पटवणं अवघड जातं. पोलिसांच्या सूचनेवरून बँक ती रक्कम रोखून धरते, त्याला बँकेच्या भाषेत लीन म्हणतात. कधी कधी रकमेपुरतं न थांबता अख्खं खातंच गोठवलं जातं. तक्रार दुसऱ्या राज्यात नोंदलेली असेल तर तिथल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार बार्शीत बसून करावा लागतो. शिवाय खरा मालक पुढे आला की त्याचे ३८,००० उभे राहतातच. तुम्ही एकदा त्या फोनवाल्याला दिलेले, पुन्हा एकदा खऱ्या मालकाला द्यायचे.

तेव्हा पुढच्या वेळी फोन आला की एवढंच म्हणा: "मी माझ्या बँकेत लेखी कळवलंय. तुम्ही तुमच्या बँकेत तक्रार द्या. बँकेने सांगितलं की पैसे परत येतील." आणि फोन ठेवा. आईची चौकशी करू नका, वाद घालू नका, तुमच्या शाखेचं नाव सांगू नका. पासबुकाचा किंवा आधारचा फोटो मागितला तर देऊ नका. तो एखादी लिंक पाठवेल, ती उघडू नका. "पैसे परत घेण्यासाठी तुमचा पिन टाका" असं कुणी म्हणालं तर तिथेच समजा, कारण यूपीआयचा पिन पैसे देताना टाकायचा असतो, पैसे घ्यायला तो लागतच नाही. उद्या तोच आवाज "पोलीस स्टेशनमधून बोलतोय" म्हणून धमकावायला लागला, तर सरळ बार्शीच्या पोलीस ठाण्यात जा किंवा १९३० ला फोन लावा. त्याचे मेसेज आणि आलेल्या कॉलची यादी पुसू मात्र नका.

आता बँकेत जायचं. काउंटरवरच्या साहेबांचं "कुणी मागितले तर बघू" हे उत्तर मला नवीन नाही. गर्दीच्या वेळी तोंडी विचारलेल्या प्रश्नाला तोंडीच उत्तर मिळतं, आणि त्या उत्तराला उद्या कुणी ओळखही देत नाही. म्हणून अर्ज लिहायचा, दोन प्रतींत. एक त्यांना, दुसरीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही. शिलाईच्या वहीत माप लिहिताना जसं मोघम लिहून चालत नाही, तसंच इथे. पासबुकातल्या त्या ओळीत एक सोळा अक्षरी क्रमांक असतो, त्याला यूटीआर म्हणतात. पासबुकात तो अर्धवट छापला असेल तर खात्याचं स्टेटमेंट मागा, त्यात पूर्ण दिसेल. त्या क्रमांकावरून पैसे कुठून आले ते बँकेला शोधता येतं. अर्ज साधारण असा करा:

"माननीय शाखा व्यवस्थापक यांस. माझ्या बचत खाते क्रमांक अमुकमध्ये दि. २ रोजी एनईएफटीद्वारे रु. ३८,००० जमा झाले आहेत. यूटीआर क्रमांक अमुक. पाठवणाऱ्याचे नाव पासबुकात अमुक असे दिसते. या व्यक्तीशी अथवा कंपनीशी माझा कोणताही व्यवहार नाही आणि ही रक्कम माझी नाही. ती चुकीने जमा झाली असावी. दि. ५ रोजी माझ्या कर्जाचा रु. ४,२५० चा हप्ता खात्यातून आपोआप वळता झाला, त्यामुळे सध्या शिल्लक रु. ३४,८७० आहे. पाठवणाऱ्याच्या बँकेकडे खातरजमा करून ही रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत पाठवावी, त्यासाठी माझ्या खात्यातून रक्कम वजा करण्यास माझी संमती आहे. कमी पडणारी रक्कम मी अमुक तारखेपर्यंत भरेन. दि. ६ पासून अमुक मोबाइल क्रमांकावरून एक व्यक्ती ही रक्कम वेगळ्या मोबाइल क्रमांकावर पाठवण्यास सांगत आहे, हेही आपल्या माहितीसाठी. आपली विश्वासू."

यातलं संमतीचं वाक्य गाळू नका. चूक बँकेचीच असेल तर बँक आपली नोंद स्वतः उलटवते. पण चूक दुसऱ्या बँकेच्या ग्राहकाची असेल, तर त्याच्या नुसत्या सांगण्यावरून तुमच्या खात्याला हात लावायला बँक कचरते आणि तुमची सही मागते. बहुतेक प्रकरणं तिथेच आठवडेन् आठवडे रखडतात, कारण खातेदार फोनच उचलत नाही. तुम्ही आपणहून संमती दिलीत तर बँकेला सबब उरत नाही. आणि हेही बघा की अर्जात "त्याच खात्यात" असं ठळक लिहिलेलं आहे. कोऱ्या कागदावर सही देऊ नका. कुणी "रोख काढून द्या, आम्ही बघतो" म्हणालं, तर ते शाखेतलं कुणी असलं तरी नको म्हणा.

शनिवारी जाणार असाल तर तो दुसरा किंवा चौथा नाही ना ते बघून जा, बँक बंद असते. अर्ज घ्यायला टाळाटाळ झाली तर मॅनेजरना भेटा. तेही जमलं नाही तर हाच मजकूर तुमच्या खात्याला जोडलेल्या ईमेलवरून बँकेच्या तक्रार विभागाला पाठवा, आणि पाठवल्याचा पुरावा जपून ठेवा. बँकेचा फोन नंबर इंटरनेटवर शोधू नका, तिथे खोटे नंबर पेरून ठेवलेले असतात. पासबुकावर किंवा एटीएम कार्डाच्या मागे छापलेला घ्या. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. ती फुकट असते, वकील लागत नाही, आणि माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. पण तुमच्या बाबतीत गाडी तिथवर जाईल असं मला वाटत नाही. शिक्का बसलेला कागद पाहिला की टेबलं हलतात.

हप्त्याचं बोलू. तुम्ही ४,२५० म्हणताय आणि घाबरलायत, पण हिशेब नीट मांडा. खात्यात तुमचे स्वतःचे १,१२० होते. हप्त्यात आधी तेच गेले असं धरलं, तर परक्या पैशातून गेले ३,१३०. तुम्हाला भरायचे आहेत तेवढेच. तो हप्ता तुम्ही काढला नाही, तो ठरल्या तारखेला यंत्राने कापला, आणि तुम्ही ते लपवत नाही आहात. कायदा अप्रामाणिकपणा शोधतो. तो यात नाही. पण आता माहीत झाल्यावर त्या ३४,८७० मधून एक रुपया जरी काढलात, तर मी हेच वाक्य पुन्हा लिहू शकणार नाही. लग्नघरच्या बाईंकडे उद्याच जा. ब्लाऊज घालून मिरवून झाले असतील, पैसे मागायला लाजू नका. तिथून नाहीच मिळाले तर बचत गटातून उचल घ्या, पण अर्जात जी तारीख लिहाल ती पाळा. पुढच्या ५ तारखेचा हप्ता त्याआधी स्वतःच्या पैशातून भरायची सोय करा, नाहीतर यंत्र पुन्हा तिथूनच कापेल. आणि हे मिटेपर्यंत गिऱ्हाइकांना त्या खात्याचा क्यूआर दाखवू नका, मिस्टरांच्या खात्याचा दाखवा किंवा रोख घ्या. उद्या खातं गोठलंच, तर तुमची कमाई त्यात अडकायला नको.

तुमच्या घरातल्या मंडळींनाही उत्तर द्यायला हवं, कारण बँकेतून परतल्यावर तुम्हाला त्यांच्यातच राहायचंय.

नणंदबाईंचं सोपं आहे. लाडक्या बहिणीचे महिन्याला १,५०० येतात. ३८,००० ला पंधराशेने भागून बघा, पूर्ण भाग जात नाही. शिवाय ते पैसे सरकारकडून आधार जोडलेल्या खात्यात येतात, कुठल्याही ट्रेडिंग कंपनीकडून एनईएफटीने येत नाहीत.

मिस्टरांचं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे, म्हणून जास्त धोक्याचं. चोरी केली नाही, हे बरोबर. पण "मागितले तर देऊ" याला कायद्यात आधार नाही. चुकून मिळालेले पैसे परत केलेच पाहिजेत, हे १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७२ मध्ये साध्या शब्दांत लिहिलेलं आहे. इंग्रजांच्या काळापासूनची गोष्ट, यूपीआय आल्यावर कुणी नवीन काढलेली नाही. आणि दुसऱ्याचे आहेत हे कळूनही अप्रामाणिकपणे वापरले, तर तो गुन्हा होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ त्यासाठी आहे. शिक्षा कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि दंड. जुन्या कायद्यात, कलम ४०३ मध्ये, ही कमीत कमीची अट नव्हती, आता आहे. "वर्षभर कुणी विचारलं नाही की पैसे आपले" ही चहाच्या टपरीवरची समजूत आहे. चुकीने दिलेले पैसे वसूल करण्याची मुदत तीन वर्षं, आणि ती मोजायला सुरुवात होते चूक लक्षात आल्यापासून.

मिस्टरांना पैठणची गोष्ट सांगा. २०२१ मध्ये पैठण तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या जनधन खात्यात अचानक १५ लाख रुपये जमा झाले. निवडणुकीतल्या त्या पंधरा लाखांची चर्चा गावोगाव झालेलीच होती. त्याला वाटलं, आले एकदाचे. पंतप्रधानांना आभाराचा ईमेलसुद्धा पाठवला म्हणे. नऊ लाख काढून घर बांधलं. काही महिन्यांनी बँकेचं पत्र आलं: हे पैसे एका ग्रामपंचायतीच्या विकासकामांचे होते, चुकून तुमच्या खात्यात पडले, परत करा. उरलेले सहा लाख बँकेला मिळाले. नऊ लाखांचं घर झालं होतं, आणि विटा काही खात्यात परत जमा होत नाहीत. बातमी वाचून लोक हसले. मला त्याच्याबद्दल वाईटच वाटलं. पहिल्याच आठवड्यात शाखेत जाऊन त्याने एक अर्ज दिला असता, तर त्याच्या नावाची बातमीच झाली नसती.

आणि ज्यांना वाटतं की मोठ्या गोंधळात छोटी खाती सुटतात, त्यांच्यासाठी युको बँकेचा प्रकार आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयएमपीएस या झटपट पैसे पाठवण्याच्या सोयीतल्या तांत्रिक घोळात सुमारे ८२० कोटी रुपये त्या बँकेच्या खातेदारांच्या खात्यांत भलतेच जमा झाले. दिवाळीचे दिवस होते, अनेकांनी काढून घेतले. बँकेने खाती अडवून आठवड्याभरात ६४९ कोटी परत मिळवले. उरलेल्यांसाठी सीबीआयने गुन्हा नोंदवला, आणि मार्च २०२४ मध्ये राजस्थान आणि महाराष्ट्रात ६७ ठिकाणी झडत्या झाल्या. ज्यांच्या दारात अधिकारी उभे राहिले त्यांनीही आपापल्या घरी "आपण काही चोरी केली नाही" असंच म्हटलं असेल.

सासूबाईंशी कायद्याच्या कलमांनी बोलू नका. त्यांना एवढंच विचारा, की आपले ३८,००० असेच कुणाच्या खात्यात गेले असते आणि त्या घरातल्या सासूबाई लक्ष्मी आली म्हणून बसल्या असत्या, तर आपण त्यांना काय म्हटलं असतं? त्या पिढीला हे पटकन कळतं.

मुळात कंपनीचे पैसे तुमच्या नावावर आलेच कसे, असं तुम्हाला वाटत असेल. एनईएफटी आणि आरटीजीएस (मोठ्या रकमांसाठीची तशीच पद्धत) यांत पैसे जमा होतात ते फक्त खाते क्रमांकावर. पाठवणाऱ्याने नाव कुणाचंही लिहिलं तरी ते जुळवून बघितलंच जाईल असं नाही. रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच सांगून ठेवलंय की क्रमांक बरोबर टाकण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. यूपीआयमध्ये पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं नाव दिसतं, तशी सोय या दोन्हींसाठीही १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यायला बँकांना सांगितलं गेलं. तेव्हा एखाद्या दुकानाच्या हिशेबनिसाच्या हातून आकडा चुकला आणि नावाकडे न बघता त्याने बटण दाबलं, हेही शक्य आहे. मग तो बिचारा कारकून मालकाच्या शिव्या खात असेल, आणि फोनवर रडणाऱ्या माणसाचा या सगळ्याशी काही संबंधच नसेल. हे सदर वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या हातून असं झालंच, तर पहिला फोन स्वतःच्या बँकेला करा, यूटीआर देऊन लेखी तक्रार त्याच दिवशी द्या. दिवस जातात तसे समोरच्या खात्यातले पैसे कमी होत जातात, मशीनच्या हप्त्यांत का होईना.

तुमचं काम एका दिवसात होणार नाही. दोन बँकांचा पत्रव्यवहार आहे, दोन-तीन आठवडे धरून चाला. मध्येच खात्यात रक्कम अडवल्याचा मेसेज आला तर दचकू नका. पैसे फसवणुकीतले निघाले तर बँक ते परत पाठवणार नाही, पोलिसांच्या आदेशाची वाट बघेल. तेव्हा शाखेतून तक्रार क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव लिहून घ्या, आणि त्या ठाण्याला तुमच्या शिक्का मारलेल्या अर्जाची प्रत पाठवून कळवा की वादातली रक्कम खुशाल रोखा, पण बाकीचं खातं मोकळं ठेवा. अर्जावरची तारीख ही तुमची सगळ्यात मोठी साक्षीदार. पोलीस विचारायच्या आधी तुम्ही आपणहून सांगितलं होतं, हे तीच दाखवते. म्हणून "पुढच्या आठवड्यात बघू" करू नका.

पैसे वळते झाल्याचं दिसलं की पासबुक पुन्हा भरून घ्या आणि वजा झालेली ओळ नीट वाचा: रक्कम तीच आहे का, गेले ते त्याच कंपनीच्या नावाने का. अर्जाची शिक्का असलेली प्रत मशीनच्या कर्जाच्या कागदांबरोबर ठेवा, एक फोटो मिस्टरांच्या फोनमध्ये असू द्या. आणि तो माणूस त्यानंतरही फोन करत राहिला, तर नंबर ब्लॉक करा.